बंदुकीच्या कागदावरचं माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. आयुष्यात जे सगळ्यात वाईट झालं त्यात या अक्षराचा हात होता, म्हणून आधीच सांगून टाकते. लग्नाच्या बोलणीत मध्यस्थाने "मुलगी सावळी आहे, पण मॅट्रिक आहे आणि अक्षर छापल्यासारखं आहे" असं सांगितलं, तेव्हा सासऱ्यांनी रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! सासरी आल्यावर महिनाभरात कारण कळलं. सासरे गावचे पोलीस पाटील होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ठाण्याचे कागद लिहायला घरात कोणी नव्हतं.

गाव गोंडपिपरीच्या बाजूचं, धानाचं, तीन अंगांनी जंगल. नवऱ्याला ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरी लागली होती, पण क्वार्टर मिळायचं होतं. तो तिकडे चौघा मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा आणि महिन्यातून एकदा एसटीने गावी यायचा. क्वार्टर मिळेपर्यंत मी सासू-सासऱ्यांजवळ, असं ठरलं होतं. ते 'मिळेपर्यंत' साडेचार वर्षं चाललं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे, म्हणजे मनातल्या मनात. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत. ते सपरीत, घरापुढच्या ओसरीत, खाटेवर बसायचे आणि मी दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन, पाटावर. माझ्याकडे न बघता ते समोरच्या भिंतीला सांगायचे, "लिव म्हणा तिले." सासूबाई जवळ नसल्या तरी ते 'म्हणा' सुटायचं नाही. लिहून झालं की मी कागद वाचून दाखवायची. वाचणं हे बोलण्यात धरत नसत. मग दाराबाहेर हात काढून सहीच्या जागी बोट ठेवायची, आणि मामाजी बोटाच्या शेजारी चाचपत सही करायचे.

बंदुकीचे कागद वर्षाला दोन-तीन यायचे. धान भरायला लागलं की रानडुकरं शेतातल्या बांधीच्या बांधी लोळवून जातात, म्हणून पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळत असे. अर्ज जिल्ह्याला जाई, तिथून ठाण्याला, आणि ठाण्यातून पोलीस पाटलाकडे कागद येई: अर्जदाराची चालचलन कशी आहे ते कळवावे. चौकशी म्हणजे काय, तर अर्जदार स्वतःच येऊन सपरीत बसायचा, सासूबाई चहा करायच्या, आणि त्याच्या देखत मामाजी भिंतीला सांगायचे: अर्जदार सुस्वभावी व निर्व्यसनी आहे. गावात कोणाशी वैर नाही. शेतीस रानडुकरांचा उपद्रव आहे. तीनच वाक्यं, सगळ्यांना तीच. ज्याच्याबद्दल लिहायचं तोच समोर बशीत चहा ओतून पितोय, तर दुसरं लिहिणार तरी काय? 'निर्व्यसनी' लिहिताना कधीकधी मोहाच्या दारूचा वास थेट माझ्या पाटापर्यंत यायचा. मला गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू.

अशाच एका अर्जदाराबद्दल मला लिहायचं आहे. चांगला माणूस होता तो. म्हणजे गाव तसं म्हणायचं. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, हा सगळ्यांच्या आधी हजर. मंडपाला बांबू लागले तर याच्या घरून, बैल अडला तर याचा बैल. भजनात टाळ धरायचा. "गावात कोणाशी वैर नाही" हे वाक्य त्याच्याइतकं कोणालाच शोभलं नसतं. मारायचा तो फक्त बायकोला, आणि ते गावात धरत नसत.

बायकांना मात्र माहीत होतं. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून रोपं लावताना लुगडं वर सरकतं, चोळी भिजून अंगाला चिकटते, कुणाचं काही लपून राहत नाही. तिच्या पाठीवर बैलाच्या तुतारीचे, टोचणी लावलेल्या काठीचे, वळ होते. एक मनगट वाकडं बसलेलं. कोणी विचारत नसे. एखादी म्हातारी तिच्या वाटणीची ओळ आपणच लावून टाकायची, तेवढंच.

त्याचा बंदुकीचा कागद आमच्याकडे आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला विहिरीवर भेटली. मी पाणी भरून निघाले होते. ती माझ्याबरोबर चालायला लागली. तिची घागर रिकामीच होती हे माझ्या लक्षात आलं.

"बाई, तुमच्या घरी आमच्या घरचा कागद आला म्हणते," ती म्हणाली.

"आला ना," मी म्हटलं.

थोडी चालली. मग म्हणाली, "सरकारी कागद कधी हरवते-बिरवते का जी?"

मी हसले. अजून ते हसणं आठवलं की अंगाची लाहीलाही होते. मी शिकलेली, पोलीस पाटलाची सून. मी तिला समजावलं की सरकारी कागद असा हरवत नसतो, त्याला जावक नंबर असतो, हरवला तर ठाण्यातून विचारणा येते. ताकाला जाऊन ती भांडं लपवत होती, आणि मला ते भांडं दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला कधी ठेवली नाही. तिने मान हलवली, "हो ना जी, तुमाले मालूम," म्हणाली आणि परत विहिरीकडे गेली.

त्याच संध्याकाळी तो सपरीत येऊन बसला. मामाजींनी भिंतीला तीन वाक्यं सांगितली. मी ती लिहिली, वाचून दाखवली, बोट ठेवलं. तो जाताना दाराकडे बघून म्हणाला, "सूनबाईचं अक्षर मोठं सुंदर हाय, पाटील." मामाजी खूश झाले.

पुढच्या वर्षी धान कापणीच्या आधी ती पोरीला घेऊन भावाकडे निघून गेली. भावाचं गाव चार कोसांवर. आठ दिवसांनी हा तिला आणायला गेला. खांद्यावर दुनळी बंदूक होती, पण त्या दिवसांत शेताकडे जाणाऱ्या कोणाच्याही खांद्यावर ती असायची, म्हणून वाटेत कोणी हटकलं नाही. भावाच्या अंगणात सगळे जेवत बसले होते. त्याने बायकोला मारलं, भावाला मारलं, भावाच्या बायकोला मारलं, आणि आवाज ऐकून कुंपणावरून उडी मारून आलेल्या शेजाऱ्याला मारलं. मधे थांबून दोनदा काडतुसं भरली. पोरगी गोठ्यात होती, ती वाचली. मग तो तिथेच ओट्यावर बसून राहिला, आणि लोकांनी धरलं तेव्हा त्याने पाणी मागितलं म्हणतात.

आमच्याकडे बातमी दुपारच्या एसटीच्या कंडक्टरने आणली. सासूबाईंनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि त्या जमिनीवरच बसल्या. मी आत गेले. अहवालांच्या नकला एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची जबाबदारी माझी होती. ती नक्कल काढून मी वाचली. काय वाचायचं होतं त्यात? तोंडपाठच होतं. पण मी ती उभी राहून तीन-चारदा वाचली.

महिन्याच्या भेटीला नवरा आला तेव्हा त्याला विहिरीवरचं सांगितलं. तो म्हणाला, "तू काय केलं असतं? आपल्याले काय कराचं हाय त्यात?" तो वाईट माणूस नव्हता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. मला बरं वाटलं नाही.

इकडे बैल गेला आणि झोपा केला, तसं झालं. पंचक्रोशीतल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा, असा हुकूम आला. धान ऐन भरलेलं, डुकरांचे कळप शेतात, आणि माणसं थाळ्या बडवून शेतं राखू लागली. चार मेलेल्यांचं दुःख आठवडाभरात मागे पडलं आणि बंदुकांचा राग पुढे आला. शेवटी तहसीलदार आणि ठाणेदार गावात आले, शाळेत सभा भरली. पुढे पुरुष, मागे भिंतीला लागून आम्ही बायका. मी पदर नाकापर्यंत ओढून बसले होते.

आधी शेतकरी उठले. "डुकरं का परवाना पाहून येतेत, साहेब?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "गुन्हा एकानं केला, सजा साऱ्या गावाले काऊन?" तहसीलदार शांत माणूस होते. ते म्हणाले, बंदुका परत मिळतील, पण यापुढे कोणाच्या हातात द्यायची हे नीट पाहिलं पाहिजे. कसं पाहायचं ते तुम्हीच सांगा.

हेडमास्तर म्हणाले, "डॉक्टरचा दाखला घ्या. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे कोणी तपासतच नाही."

"आमच्या इथी तापाले डॉक्टर भेटत नाई, गुरुजी," मागून कोणी म्हणालं, "डोक्याचा कुठून आणता?"

ठाणेदारांनी सांगितलं की त्यांच्या दप्तरात त्या माणसावर एकही गुन्हा नव्हता, साधी तक्रारसुद्धा नव्हती. मग नाही कशाच्या आधारावर म्हणायचं? आणि मग ते मामाजींकडे वळले. "पाटील, तुमचा अहवाल तर फारच चांगला होता. सुस्वभावी, निर्व्यसनी."

मामाजी उभे राहिले. ठाणेदार नेमके कुठे बसलेत ते त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते जरा भलतीकडेच बघून बोलले. "गावात जसं आयकलं तसं लिवलं, साहेब. त्याच्याबद्दल वाईट बोलनारा एक मानूस आणून दाखवा." आणि ते खरंच होतं. मामाजी चाचपत खाली बसले. त्या क्षणी मला त्यांची भयंकर दया आली, आणि तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

बोलली ती माझ्या शेजारची म्हातारी. बुद्धविहाराच्या बाजूला राहायची, आयुष्यभर लोकांच्या शेतात रोवणा केलेली, कोणाला न भिणारी. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मानसाइले विचारलं, साहेब. बायाइले कोनं विचारलं? आमाले साऱ्याइले मालूम होतं. तिची पाठ पाह्यली होती आमी. बंदूक द्याच्या पयले घरच्या बाईले विचारत जा."

तहसीलदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक तरुण शेतकरी मोठ्याने म्हणाला, "अन् सासूले बी विचारा! मंग तं बंदूक सोडा, गावात इळा बी भेटनार नाई कोनाले!" सगळे पुरुष हसले. चार माणसं मेली होती आणि सगळे हसले. म्हातारी म्हणाली, "हासा, हासा," आणि पदराने तोंड पुसून गप्प बसली. मी तिचा हातसुद्धा धरला नाही.

बंदुका परत आल्या. ठरलं ते एवढंच, की यापुढे पोलीस पाटलाने अर्जदाराच्या घरी जाऊन घरच्या माणसांनाही विचारावं आणि तसं अहवालात लिहावं.

वर्ष-दीड वर्ष आमच्या गावातून कोणी अर्ज केला नाही. पहिला केला तो सभेत विनोद करणाऱ्या त्या तरुणाने. त्याच्या घरचंही बायकांना माहीत होतं. तो दारू पीत नव्हता, पण संशयी होता. बायकोला कोंडून शेतावर जायचा. एकदा भर दिवसा अंगणात तिच्यावर कुऱ्हाड उगारली होती आणि शेजारणीने मधे पडून ती धरली होती.

मामाजी नियमाचे पक्के. हातात काठी घेऊन ते त्याच्या घरी गेले. परत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली त्याची बायको? मामाजी म्हणाले, "ते आत होती. तो दारात उभा होता. मी विचारलं, बाई, हरकत हाय का? तो म्हने, नाई म्हनते." आणि ते भिंतीला सांगू लागले. तीन वाक्यं झाली आणि चौथं आलं: पत्नीस विचारले असता तिची हरकत नाही.

माझी दौत खरंच वाळली होती. उद्या शाई आणून लिहिते, असं मी सासूबाईंकरवी कळवलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याची बायको एकटी सापडली. या वेळी मीच तिच्याबरोबर रिकामी घागर घेऊन चालले. विचारलं. मग आजूबाजूला बघून म्हणाली, "माह्या नावानं नोको लिवजा, बाई. पण त्याले नोको देऊ म्हना." एवढं बोलून ती इतक्या घाईने गेली की अर्धं पाणी वाटेत सांडलं.

मी घरी येऊन लिहिलं. गावात कोणाशी वैर नाही, परंतु घरात वागणूक हिंस्र आहे. अंगणात पत्नीवर कुऱ्हाड उगारल्याचे शेजाऱ्यांस माहीत आहे. शस्त्र देणे उचित होणार नाही. नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं. मग दाराआडून वाचून दाखवलं ते मात्र मामाजींनी सांगितलेलं, चारही वाक्यं, एकही न गाळता. आवाज कापला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

आंधळ्या होत चाललेल्या माणसाला फसवणं सोपं असतं. मला त्याची लाज वाटली आणि अजून वाटते. पण तो कागद मी परत घेतला नसता.

तीन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं. त्याने तालुक्याला जाऊन चौकशी केली असावी, कारण तो तिथून थेट आमच्या सपरीत आला. भर दुपार होती. मी आत तांदूळ निवडत होते.

"पाटील, माह्या घरात कुऱ्हाड चालते असं तुमी लिवलं?" तो ओरडला. "माह्या बायकोनं तुमाले हरकत नाई म्हटलं होतं ना? मंग काऊन लिवलं?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला वाटलं, आता संपलं. आता मामाजी म्हणणार, मी असं काही सांगितलंच नाही. मग हा घरी जाईल, बायकोला विचारेल पाटलाच्या सुनेला काय सांगितलंस, आणि तिचं काय होईल याची मला चांगलीच कल्पना होती. मला मामाजींची पाठ तेवढी दिसत होती.

मग ते म्हणाले, "हो. मीच लिवलं. कोनी सांगतलं नाई मले. कुऱ्हाडीचं साऱ्या गावाले मालूम हाय. सही माही हाय ना? मंग मले विचार काय विचाराचं ते."

तो खूप बोलला. बघून घेईन म्हणाला, पाटीलकी घालवीन म्हणाला. मामाजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. शेवटी तो गेला. बंदूक त्याला कधी मिळाली नाही. त्याची बायको जगली. सुखात जगली असं मी म्हणणार नाही, मारहाण काही थांबली नाही.

तो गेल्यावर मी सूप खाली ठेवलं आणि दाराशी येऊन उभी राहिले. शिव्या ऐकायच्या तयारीने. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच.

मामाजी भिंतीकडे बघत नव्हते. मान वळवून, अंदाजाने, मी उभी होते तिकडे बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"बेटा, मागच्या बारीले बी तुले मालूम होतं का?"

मी म्हटलं, "हो."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. किती दिवसांपासून तयार होतं. काऊन नाई सांगतलं, असं त्यांनी विचारलं की म्हणायचं: सुनेने बोलायचं नाही ही रीत तुमचीच ना? मी कशी बोलणार होते?

पण त्यांनी ते विचारलंच नाही.

"बोलता येत नव्हतं, समजते मले," ते म्हणाले. "पण लिवाले कोनी मना केलं होतं?"